तपकीर गल्लीतलं उनो किट: क्लबसाठी घ्यावं का?

गेल्या वर्षी कॉलेजच्या टेक क्लबची खरेदी माझ्या गळ्यात आली. एफईच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी दोन दिवसांचं आर्डुइनो वर्कशॉप होतं. आर्डुइनो म्हणजे लॅपटॉपवरून कोड टाकून दिवे, सेन्सर वगैरे चालवायचा छोटा बोर्ड. साठ जण, दोघांत एक, म्हणजे तीस किट. ओरिजिनल बोर्ड बजेटमध्ये बसेनात, म्हणून पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली आणि आर्डुइनोच्या उनो आर-३ बोर्डाच्या कॉपीचं किट घेतलं. आर्डुइनोचं डिझाइन खुलं आहे, त्यामुळे कॉपी म्हणजे चोरी नव्हे; फक्त तिच्यावर त्यांचं नाव-लोगो छापलेला नको.

बोर्डाबद्दल तक्रार नाही. तीच एटीमेगा ३२८पी ही मुख्य चिप, तेच १६ मेगाहर्ट्‌झ, तेच १४ डिजिटल पिन. फरक लॅपटॉपशी बोलणाऱ्या यूएसबीच्या चिपमध्ये. कॉपीत बहुधा सीएच३४० असते आणि काही विंडोज लॅपटॉपवर तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखायचं सॉफ्टवेअर, वेगळा टाकावा लागतो. तो आदल्या रात्रीच ग्रुपवर टाका, सकाळी कॉलेजच्या वायफायवर साठ डाउनलोड होत नसतात.

आमची खरी वाट लावली केबलींनी. बोर्डावरचा ऑनचा दिवा लख्ख पेटतोय आणि लॅपटॉपवर पोर्टच दिसत नाही. अर्धा तास आम्ही ड्रायव्हरच्या नावानं बोंबललो. मग एका पोरीनं आपल्या घरच्या प्रिंटरची केबल लावली आणि पोर्ट दिसला! किटातल्या नऊ केबली नुसत्या करंटच्या, आत डेटाच्या तारा नाहीतच. बदलून मागायला गेलो तर काउंटरवरचे काका म्हणाले, ‘‘केबल फ्री आहे रे, तिची कसली गॅरंटी?’’

ब्रेडबोर्डही (वायरी खोचून सर्किट जोडायची भोकांची पाटी) नीट बघून घ्या. काहींत कडेची लाल-निळी रेघ मध्येच तुटलेली असते. तिथे आतली पट्टीही तुटलेली, त्यामुळे पलीकडच्या अर्ध्या भागात करंट जात नाही. दोन छोट्या वायरींनी जोडलं की काम झालं, पण हे आधी सांगितलं नाही तर पोरं कोडमध्ये चूक शोधत बसतात.

मुख्य चिप सॉकेटात बसवलेला बोर्डच मागा. चिकटवलेल्या चपट्या चिपचा स्वस्त पडतो, पण कोणी चिप जाळली की अख्खा बोर्ड गेला. सुटी चिप घेताना बूटलोडर (यूएसबीवरून आपला कोड घेणारा छोटा प्रोग्राम) टाकलेली आहे ना, हेही विचारा. किटातला अंतर मोजायचा अल्ट्रासॉनिक सेन्सर छान निघाला. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर मात्र मोटर चालवायला जाऊ नका.

आणि बिल! मी घाईत माझ्या नावानं घेतलं, अकाउंट्सनं परत पाठवलं आणि पैसे तीन महिने अडकले. कॉलेजच्या नावानं, जीएसटीसकट पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

किटाला पाचात साडेतीन, केबलीला शून्य. तीसपैकी सव्वीस बोर्ड अजून चालतात, लॅबच्या कपाटात खालच्या खणात आहेत. डेटावाल्या केबलींना हिरवी टेप लावली आहे. चावी मामांकडे, पण ते दोन ते तीन जेवायला जातात.