घरगुती गेम कंट्रोलरसाठी घेतलेले टॅक्टाइल स्विच

भाच्याला जुन्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमसारखा आठ बटणांचा कंट्रोलर हवा होता आणि तो घरीच करावा असे आम्ही ठरवले. आत रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि जोडणीसाठी झिरो पीसीबी, म्हणजे नुसत्या भोकांची सर्किट पट्टी, हे पाच मिनिटांत ठरले. बटणांखालच्या टॅक्टाइल स्विचनी, म्हणजे दाबल्यावर टक् करणाऱ्या छोट्या स्विचनी, मात्र तीन आठवडे घेतले.

पहिले स्विच इंदूरच्या जेल रोडवरील एका दुकानातून आणले. 6 बाय 6 मिलिमीटरचे, चार पायांचे, सुट्या पुडीतले. ते किती दाबाला लागतात असे विचारल्यावर ‘सब एक ही है, भैया’ असे उत्तर मिळाले. अर्ध्या तासात अंगठा दुखू लागला, तेव्हा एक स्विच स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवून दाबून पाहिला. टक् आवाज होईपर्यंत आकडा अडीचशे ग्रॅमच्या आसपास पोहोचला होता.

मग ऑम्रॉन कंपनीच्या बी3एफ मालिकेतील स्विच मागवले, कारण त्यात लागणारा दाब छापील मिळतो : सुमारे 100, 150 आणि 260 ग्रॅम. चार दिशांच्या फुलीच्या आकाराच्या बटणाखाली 100, ए आणि बी बटणांखाली 150 आणि चुकून दाबले जाऊ नये म्हणून स्टार्ट-सिलेक्टखाली 260, अशी वाटणी मला सर्वांत योग्य वाटली. ए-बीखाली 100 लावून पाहिले होते. पण अंगठा नुसता टेकला तरी गोळी सुटू लागली.

या स्विचचा प्रवास जेमतेम पाव मिलिमीटर असतो, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. डब्याचे झाकण त्याहून थोडे जरी जास्त खाली बसले, तर बटण कायमचे दाबलेले राहते, म्हणून 4.3 की 5 मिलिमीटर उंचीचा स्विच घ्यायचा हे झाकण आणि टोपी हाती आल्यावरच ठरवावे. फुलीच्या मध्याखाली टेकू हवाच, नाहीतर डावे आणि उजवे एकाच वेळी दाबले जातात आणि खेळातला गडी जागच्या जागी थरथरतो. डाख देताना समोरासमोरचे कर्णातले दोन पाय वापरले की स्विच उलटा बसल्याची भानगड उरत नाही; चारपैकी दोन-दोन पाय आतून जोडलेले असतात, हे कळेपर्यंत माझे एक बटण सदैव चालूच होते.

कीबोर्डचे मेकॅनिकल स्विचही पाहिले, परंतु त्यांच्या 4 मिलिमीटर प्रवासामुळे आणि उंचीमुळे डबा अवजड होतो.

मूळ कंट्रोलरचा मऊ दाब मात्र यातल्या कशातच नाही. तिथे कार्बन लावलेले रबरी पॅड पीसीबीवर छापलेल्या विद्युतमार्गांवर टेकतात, अंगठा खोलवर जातो आणि आवाज होत नाही. तसे मार्ग झिरो पीसीबीवर नसतात, त्यामुळे त्यासाठी वेगळी पीसीबी छापून घ्यावी लागेल. दाबाच्या बाबतीत बी3एफबद्दल माझी तक्रार नाही, आवाजाबाबत नक्कीच आहे. रात्री दहानंतर आई पलीकडच्या खोलीतून विचारते, ‘अरे, टायपिंग अजून संपलं नाही का?’