कायडेक्स होल्स्टर, सीटबेल्ट आणि एक तुटकी क्लिप

ग्लॉक ४३एक्स या पिस्तुलासाठी घेतलेले, पँटच्या आत बसणारे हे कायडेक्सचे, म्हणजे कडक प्लॅस्टिकचे, होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान) मी गेल्या हिवाळ्यापासून वापरतो आहे. मागच्या आठवड्यात पेट्रोल भरण्यासाठी गाडीतून उतरताना त्याची कमरपट्ट्याला अडकवायची प्लॅस्टिकची क्लिप तुटली, म्हणून हे लिहितो आहे. पिस्तुलाबद्दल तक्रार नाही.

टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या २१ वर्षांवरील व्यक्तीला पिस्तूल बाळगण्यासाठी परवाना लागत नाही. स्वतःच्या गाडीत ते झाकून ठेवण्याची मुभा तर २००७ पासूनची आहे. तरीही ४० डॉलर भरून मी परवाना काढला, कारण शाळेपासून १००० फुटांच्या आतील रस्त्यावरून भरलेले पिस्तूल नेण्यास केंद्रीय कायद्याची मनाई आहे, तिच्यातून राज्याच्या परवानाधारकाला सूट मिळते आणि डॅलसच्या उपनगरांत शाळा टाळून गाडी चालवणे अशक्य आहे. (एच-१बी व्हिसावरच्या मंडळींनी मात्र हे वाचून दुकान गाठू नये, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास त्यांना पिस्तूल जवळ बाळगताच येत नाही.)

खरा त्रास सीटबेल्टचा आहे. होल्स्टर उजव्या कमरेच्या मागे लावले की उभे असताना काहीच जाणवत नाही. परंतु येथे चालक डावीकडे बसत असल्यामुळे बेल्टचे बक्कल नेमके उजव्या कमरेपाशी येते, त्यात शर्टाची कड अडकते आणि उतरताना पिस्तुलाची मूठ चारचौघांत उघडी पडते. पुण्यात बक्कल डावीकडे असते, तेथे हा प्रश्नच आला नसता! शिवाय पोलिसाने थांबवून ओळखपत्र मागितल्यास, पिस्तूल जवळ असलेल्या परवानाधारकाने परवानाही दाखवायचा असतो, आणि माझे पाकीट त्याच बाजूच्या मागच्या खिशात असे. अशा वेळी हात तिकडे नेणे मला मुळीच पसंत नाही.

तोपर्यंत मी या होल्स्टरला दोनच तारे दिले असते. पुढे ते बेंबीच्या किंचित उजवीकडे लावू लागलो, सीटबेल्टचा मांडीवरचा पट्टा पिस्तुलाच्या मुठीखालून घेऊ लागलो, पाकीट डॅशबोर्डवर ठेवू लागलो, आणि मत पालटले. ट्रिगर पूर्ण झाकला जातो, हे फार महत्त्वाचे, कारण ग्लॉकला अंगठ्याने लावायचा सेफ्टीचा खटका नसतो. म्हणून गाडीत पिस्तूल उतरवायचे झाल्यास मी ते होल्स्टरसकटच काढतो.

आता क्लिप. ‘आजीवन हमी’ छापणाऱ्या कंपनीने कळवले की क्लिप हा झिजणारा भाग असल्याने हमीत येत नाही. नवी क्लिप ७ डॉलरची आणि टपालखर्च ९ डॉलर. ज्या भागावर सगळा भार पेलतो तोच हमीबाहेर ठेवायचा, ही कोणती हमी? मी दुसरीकडून पोलादी क्लिप घेतली. तिचे स्क्रू त्याच भोकांत बसले, मात्र वळणावर ती चामड्याच्या पट्ट्यावर करकरते. ज्यांना हे होल्स्टर घ्यायचे आहे त्यांनी धातूच्या क्लिपसह मिळणारा प्रकारच घ्यावा. तो थोडा महाग पडतो, पण ९ डॉलरचा टपालखर्च वाचतो.