पाण्याने रंग जातो, असे सांगणाऱ्याकडून कॅव्हन्साइट घेऊ नका

नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या तीन महिन्यांत कॅव्हन्साइट या निळ्या खनिजाचे आणि इतर स्फटिकांचे नमुने घेताना माझे ५३,५५० रुपये बुडाले. हे लिहिताना आजही संताप येतो आणि त्याहून जास्त लाज वाटते, कारण मी एका पतसंस्थेत सत्तावीस वर्षे हिशेब तपासण्याचे काम केले आहे आणि दुसऱ्याच्या पावतीतली खोट शोधणे हेच माझे रोजचे काम होते. घरच्यांना मी खरा आकडा महिनाभर सांगितला नव्हता.

सिन्नरचे गारगोटी संग्रहालय पाहिल्यापासून मला खनिजांचे नमुने जमवण्याच्या छंदाची ओढ लागली. पैलू पाडलेली माणके आणि नीलम मी मुद्दामच टाळले. शिसेयुक्त काच भरलेली माणके आणि भट्टीत घडवलेले खडे बाजारात किती आहेत, हे मी वाचले होते. त्यापेक्षा आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातले स्फटिक बरे, असे मला वाटले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट, हीलँडाइट या खनिजांचे स्फटिक वाढले. खडा भट्टीत घडवता येतो, पण खाणीतून निघालेल्या दगडात फसवायला जागा कुठे आहे, हा माझा समज होता आणि तो साफ चुकीचा निघाला.

विक्रेता एका प्रदर्शनात भेटला. पुण्याजवळच्या वाघोलीकडच्या दगडखाणींवर आपली माणसे आहेत, असे त्याने सांगितले. त्याच्याकडून मी आधी ६०० रुपयांचे ॲपोफिलाइट, ४५० रुपयांचे स्टिल्बाइट आणि ९०० रुपयांचे हीलँडाइट घेतले. हे तिन्ही नमुने अस्सल होते आणि आजही माझ्या कपाटात आहेत. बुडालेल्या रकमेत मी ते धरलेले नाहीत. पहिला माल चोख देऊन विश्वास बसवायचा, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होती. पण जो माणूस ४५० रुपयांच्या दगडासाठी कापूस आणि वर्तमानपत्र गुंडाळून खोके नीट बांधतो आणि पोहोचल्यावर “ताई, टोक शाबूत आहे ना?” असे विचारतो, त्याच्यावर संशय घेणे मला जमले नाही.

मग त्याने कॅव्हन्साइटचे छायाचित्र पाठवले. हे गडद निळे खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडले असले, तरी त्याचे जगप्रसिद्ध नमुने वाघोलीच्या खाणींतूनच निघाले. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बोराएवढे तीन निळे गोळे होते आणि किंमत १८,५०० रुपये. त्यासोबत ४,२०० रुपयांना एक, असे ‘निळे ओकेनाइट’ या दुसऱ्या खनिजाचे दोन नमुने मी घेतले, म्हणजे आणखी ८,४०० रुपये. पॅकिंग आणि कुरिअरचे ६५० रुपये वेगळे.

आता जिथे मी थांबायला हवे होते ती जागा सांगते. नमुना निघण्याच्या आदल्या रात्री त्याचा आवाजी निरोप आला: “ताई, ह्याला पाणी लावू नका हं, पाण्यानं रंग जातो. कोरड्या ब्रशनं पुसा.” तो निरोप मी तेव्हा दोनदा ऐकला. जे खनिज जमिनीखाली पाण्यातूनच तयार झाले आणि ज्याच्या घडणीतच पाणी आहे, त्याचा रंग घरच्या नळाच्या पाण्याने कसा जाईल? हा प्रश्न माझ्या मनात आला होता, पण मी तो विचारला नाही, कारण माझे अज्ञान दिसेल असे मला वाटले. छायाचित्रात एका गोळ्याच्या बुडाशी ओलसर चकाकणारी कडाही दिसत होती. तीही मी पाहिली आणि सोडून दिली. याचे दुःख मला पैशांपेक्षा जास्त आहे.

११ जानेवारीला त्याने सांगितले, की सुरुंगानंतर नवी पोकळी उघडली आहे आणि आजच्या आज आगाऊ पैसे दिले नाहीत तर मुंबईचा व्यापारी सगळा माल उचलेल. मी २६,००० रुपये पाठवले. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर दुसरेच नाव होते. “मेहुण्याचं खातं आहे” हे उत्तर मी मान्य केले. खातेदाराचे नाव आणि विक्रेत्याचे नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका, मेहुणा असो की सख्खा भाऊ. चार दिवसांनी त्याचा फोन बंद झाला.

त्यानंतर मी दहापट भिंग घेऊन बसले. गोळ्याच्या बुडाशी पारदर्शक थर होता, त्यात एक बारीक बुडबुडा आणि कापडाचा एक तंतू अडकलेला होता. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस मी तिथे ठेवला आणि चाळीस मिनिटांत गोळा अलगद सुटून ताटलीत पडला. त्याखाली स्टिल्बाइटची पाती मोडलेली होती आणि मोडलेल्या जागेत गोंद भरला होता. जागेवर वाढलेला गोळा शेजारच्या पात्यांत रुतलेला असतो, मोडक्या टोकांवर ठेवल्यासारखा बसत नाही. ओकेनाइट मुळात पांढरे असते. त्याचे कापसासारखे तंतू पाण्याने चिकटतात म्हणून ते धुवू नये हे खरेच आहे, पण माझ्या नमुन्यावर ओली काडी फिरवताच ती निळी झाली. तो निव्वळ रंग होता.

पोलीस ठाण्यात मला विचारले, “दगड मिळाले ना? मग फसवणूक कसली?” भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ मी लिहून नेले होते, ते कुणी वाचलेही नाही. निळा गोळा खरा आहे, गोंद तेवढा खोटा आहे, हे समजावताना समोरचे दोघे एकमेकांकडे पाहून हसत होते. तसा सुटा गोळा मी नंतर दुसरीकडे ३५० रुपयांना घेतला. १८,५०० रुपये मागता येतात ते तो आईदगडावर, म्हणजे मूळ दगडावर, जागीच वाढलेला असेल तर, एवढी साधी गोष्ट त्यांनी ऐकून घ्यायला काय हरकत होती? १९३० वर सायबर तक्रार नोंदवली, तिथून हा व्यवहार दिवाणी स्वरूपाचा असल्याचे उत्तर आले. बँकेने, पैसे तुम्हीच स्वतःहून पाठवलेत, असे सांगून हात वर केले. १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर दुकानाचे नाव आणि बिल मागितले, आणि बिल माझ्याकडे नव्हते. माझ्या चार अर्जांच्या पोचपावत्या आहेत, पण मेहुण्याच्या खात्यात गेलेल्या २६,००० रुपयांचे पुढे काय झाले, हे शोधायची तसदी एकाही कार्यालयाने घेतली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. त्याने दिलेल्या पत्त्यावर मी नाशिकहून वाघोलीला जाऊन आले. तिथे त्या नावाचे कुणीही नव्हते.

नमुन्याच्या मागच्या बाजूचे आणि प्रत्येक गोळ्याच्या बुडाचे छायाचित्र मागा. बिलावर खनिजाचे नाव, गाव आणि ‘चिकटवलेले किंवा रंगवलेले नाही’ हे शब्द लिहून घ्या. नकार मिळाला तर तिथूनच परत फिरा. अतिनील टॉर्च जवळ ठेवा, पुष्कळ गोंद त्यात चमकतात, पण कॅल्साइटही चमकू शकते, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका. सोन्यासारखे हॉलमार्क इथे नाही.

“मेहुण्याचं खातं” आणि “पाण्यानं रंग जातो” ही दोन वाक्ये आणखी कुणी ऐकली असतील, तर व्यवहाराची तारीख आणि रक्कम मला कळवावी. पुढच्या अर्जात मी ती जोडणार आहे.