७३,८०० रुपयांचं पाणी

रागात लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण वाचा.

बायकोला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर आहे, म्हणजे हार्मोन सोडणाऱ्या पेशींचा कॅन्सर. इरफान खानमुळे २०१८ साली हे नाव घरोघरी पोचलं, आमच्या गावच्या दवाखान्यांत मात्र पोचलं नाही. जुलाब? आयबीएस, म्हणजे आतडं नाजूक. चेहरा एकाएकी लालबुंद, अंगातून वाफा? पाळी जायचं वय. छातीत घरघर? दमा, घ्या पंप. तिन्ही त्रास एकाच बाईला होतायत, हे कुणी जोडून पाहिलंच नाही. सोनोग्राफीत लिव्हरवर गाठी दिसल्या तेव्हा मुंबई गाठली. मूळ गाठ लहान आतड्यात निघाली. (असे त्रास एकत्र असतील तर चोवीस तासांच्या लघवीची ५-एचआयएए तपासणी (अशा गाठीतून सुटणाऱ्या रसायनाचा अंश मोजणारी) स्वतःहून मागा. आधी दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद.)

तेव्हापासून दर २८ दिवसांनी ऑक्ट्रिओटाइड डेपो, म्हणजे हे त्रास आवरणारं, अंगात हळूहळू सुटणारं इंजेक्शन. आमच्या केमिस्टकडे एक इंजेक्शन ३८,५०० ला. पगार किती, हप्ते किती, हिशेब तुम्हीच करा. हॉस्पिटलच्या डे-केअरबाहेर एका बाईनं नंबर दिला, "हे भाऊ स्वस्तात देतात." भाऊंनी फोनवर पहिलं काय विचारावं? "वहिनींचा ग्रेड कितवा? केआय-६७ किती आलंय? डोटा स्कॅन झाला का?" (गाठ किती वेगानं वाढतेय, कुठे पसरलीय, ते सांगणारी ही मोजमापं.) एमडी झालेल्यांना जे नाव ठाऊक नव्हतं, ते हा माणूस घडाघडा बोलत होता. मला तो आपला वाटला. तुम्हालाही वाटला असता.

एक २४,००० ला, पण तीनच घ्यायची. ७२,००० अधिक बर्फाच्या डब्याचे १,८००. यूपीआयनं ७३,८०० पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल लावलं तर जीएसटी तुमच्याच माथी." बिल नाही तर औषध नाही, मग समोर सख्खा भाऊ का असेना.

आता ते अर्धं मिनिट, जे आठवलं की अजून झोप उडते. खऱ्या खोक्यात पांढऱ्या पावडरीची कुपी असते आणि द्रावणाची सिरिंज वेगळी. पावडर भिजू द्यायची, मग हलवून दुधासारखी करायची, जाड सुईनं लगेच कमरेत द्यायची. याआधी प्रत्येक वेळी मी तिथेच उभा होतो. या खेपेला सिस्टरनं कुपी उघडली, आत नितळ पाणी. सरळ ओढलं. तिनं विचारलंसुद्धा, "काका, हे वेगळंच दिसतंय?" मी म्हणालो, "दुसऱ्या कंपनीचं असेल." थांबवायला हवं होतं, मान्य. पण ओळखायला मी काही कंपाउंडर नाही.

काही दिवसांत जुलाब पुन्हा सुरू, चेहरा पुन्हा लाल. उरलेल्या कुप्यांवर बॅच नंबरच्या जागी स्टिकरवर स्टिकर. आत काय होतं देव जाणे.

पुढची वरात ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, "माल मिळाला ना? मग हे दिवाणी." बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी बिल मागितलं. नाही म्हटल्यावर, "मग विकणारा कोण ते कसं ठरवायचं?" अहो, ते ठरवायलाच तर आलोय! फोन नंबर दिला, खातं दिलं, कुप्या दिल्या, त्या घ्यायलाही तयार नाहीत. निरीक्षक सुट्टीवर, मग बैठकीला, मग बदली. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कॅन्सरच्या औषधांच्या रिकाम्या कुप्या भरून विकणारी टोळी पकडली होती, त्यात हॉस्पिटलांतली माणसंही होती. म्हणजे पकडता येतं. इथे मला तक्रारीची पोच मिळवायलाही भांडावं लागलं.

रिकामी कुपी तिथेच लेबल फाडून फोडायला लावा. पैसे गेल्याचं कळताक्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा, मी नातेवाइकांना विचारत बसलो. शंका आली तर एक खोकं सीलबंद ठेवा. आणि सिस्टर काही विचारत असेल तर तिचं ऐका.

भाऊंचा नंबर अजून चालू आहे. हल्ली लॅनरिओटाइडही (याच आजाराचं, त्याच जातीचं दुसरं इंजेक्शन) देतो म्हणे. ते तयार सिरिंजमध्येच येतं, पावडर भिजवायची भानगडच नाही, त्यामुळे खोटं ओळखणं आणखी कठीण. त्याच्याकडून घेऊ नका.