नॅनो सेल्युलोज पेस्ट: माल चांगला, पण पाण्याचे पैसे का द्यायचे?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं एफआरपीचं, म्हणजे काचधागा घातलेल्या प्लॅस्टिकचं, छोटं काम आहे. पंपाची कव्हरं, टाक्यांची झाकणं, असलंच. पॉलिस्टर रेझिनमध्ये घालायला नॅनो सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींतल्या सेल्युलोजचा अतिबारीक धागा, पावसाळ्याआधी घेतलं, आता ऊसतोड सुरू झाली. नवख्यांसाठी सांगतो: मॅट म्हणजे काचधाग्याची चटई, आणि कोबाल्ट म्हणजे हार्डनरला जोर देऊन रेझिन सेट करणारं द्रव्य.

हे येतं पाण्यातल्या पेस्टच्या रूपात: बादली २० किलोची आणि आत धागा २ टक्के. म्हणजे माल ४०० ग्रॅम, बाकी १९ किलो ६०० ग्रॅम पाणी! भाडं मात्र पुरत्या २० किलोचं. कृष्णाकाठच्या माणसानं ट्रान्सपोर्टनं पाणी मागवायचं म्हणजे कमाल झाली.

बरं, ते पाणी नुसतं महाग नाही, घातकी पण आहे. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, थेट रेझिनमध्ये टाका आणि घुसळा. तसंच केलं. दुसऱ्या दिवशी जॉब दुधाळ दिसतोय आणि बोट लावलं की ठसा उमटतोय. पाणी कोबाल्टला काम करू देत नाही, मग रेझिन सेट कसं होणार? फोन केला तर म्हणे, "हार्डनर वाढवा साहेब." वाढवला. चिकटपणा तसाच, वर जाड कडा तापून तडकल्या. वाद घातल्यावर त्यानं २०१९ च्या टोकियो मोटर शोमधल्या नॅनो सेल्युलोजच्या गाडीचा फोटो पाठवला. त्या गाडीमागचं क्योतो विद्यापीठाचं काम भारीच आहे हो, पण फोटो बघून माझं झाकण वाळत नाही.

मग कोरडी पावडरच द्या म्हटलं. तिथं मात्र तो खरं बोलला. हे धागे एकदा वाळले की एकमेकांना असे धरतात की परत सुटत नाहीत, रेझिनमध्ये शिऱ्यातल्या गुठळ्यांसारखे खडे राहतात.

शेवटी एसीटोननं जमलं. पेस्ट फडक्यात पिळायची, एसीटोनमध्ये भिजवायची, परत पिळायची, सगळं पाणी निघून जाईपर्यंत हेच. मग रेझिनमध्ये जोरात फिरवायची आणि एसीटोन उडून गेल्यावरच कोबाल्ट, हार्डनर. घाई केली की पिनहोल, म्हणजे टाचणीएवढी भोकं, आलीच. जवळपास ठिणगी नको. एसीटोनचा खर्च वेगळा, तो कोण देणार?

एवढं झाल्यावर मत बदलायला लागलं, हेही सांगतो. रेझिनच्या वजनाच्या अर्धा टक्का धागा घातला तरी उभ्या बाजूला ओघळ येत नाही. ब्रश फिरतो तोवर पातळ, थांबला की घट्ट. एरोसिलनंही (रेझिन घट्ट करायची बारीक सिलिका पावडर) हे होतं. पण कव्हराला ड्रिल मारून बोल्ट आवळला की भोकाभोवती चांदणीसारख्या बारीक चिरा पडायच्या, त्या आता क्वचितच दिसतात. कोपऱ्यात मॅट नीट बसत नाही, नुसतं रेझिन साचतं, तिथं हा धागा कामाला येत असावा. सेल्युलोजच्या स्फटिकाचा ताठपणा १३० ते १५० गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक) धरतात, साध्या ई-ग्लासचा, म्हणजे मॅटमधल्या काचेचा, ७० च्या आसपास. म्हणून मॅटचा एक थर कमी करा, असंही विक्रेता सुचवतो. अजिबात करू नका. अर्ध्या टक्क्यानं मॅटची जागा भरत नाही.

सध्या बोल्ट आवळायच्या कव्हरांनाच वापरतोय, झाकणांना साधं रेझिन. आपल्याकडच्या चिपाडातही सेल्युलोज चाळीस टक्क्यांच्या घरात असतं, आणि ते कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातं. जिल्ह्यात कुणी हा माल काढला तर निदान भाडं तरी वाचेल. डीलरला सांगून ठेवलंय: पाण्याऐवजी स्टायरीनमध्ये (पॉलिस्टर रेझिनमध्ये असतं तेच पातळ द्रव्य) भिजवलेला माल असेल तरच पाठव. पाण्याची बादली आली तर परत धाडीन, दोन्हीकडचं भाडं तुझ्याच खात्यावर.