टेबलावरचा ब्लॉक्सचा खेळ: फुटबॉल, पिनबॉल की भूलभुलैया?

घर झालं, किल्ला झाला, विमान झालं, आणि आता डब्यातल्या ब्लॉक्समधून असं काही बनवायचं आहे जे नुसतं शोकेसमध्ये ठेवायचं नाही, खरंच खेळायचं आहे. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत मे महिन्याच्या सुट्टीत हा प्रश्न हमखास निघतो. पर्याय फिरून फिरून तेच असतात: दांड्यांचा फुटबॉल, उतारावरचा पिनबॉल आणि गोटीचा भूलभुलैया. तिन्ही चांगले आहेत, पण तिन्ही सगळ्या घरांसाठी नाहीत. माझ्या मते निवड करताना एकच गोष्ट आधी पाहावी: खेळाला जोर कुठून मिळतो? भूलभुलैयात गोटी गुरुत्वाकर्षणाने पळते, हात फक्त पाट कलवतो. पिनबॉलमध्ये उतार आणि बोट दोन्ही लागतात. फुटबॉलमध्ये सगळा जोर मनगटाचा. हाताचा जोर जितका जास्त, तितकं बांधकाम भक्कम लागतं, आणि तितके सुटे भागही जास्त लागतात.

कॅरमचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो सोडून द्या. पूर्ण मापाच्या कॅरमचा पृष्ठभाग ७४ सेंटिमीटर असतो. तेवढ्या जागेवर ब्लॉक्सच्या गुळगुळीत टाइल्स, म्हणजे वर उंचवटे नसलेले सपाट तुकडे, बसवल्या, तरी प्रत्येक सांध्यावर सोंगटी किंचित अडखळते आणि पावडर फटीत जाऊन बसते. नवा व्यापार किंवा सापशिडीचा पट ब्लॉक्सचा छान होतो, पण त्यात चालणारं यंत्र असं काही नाही, म्हणून तो इथे घेतला नाही.

ठरवण्याआधी डबा उपडा करा. साध्या विटांच्या डब्यात भिंतीला हवं ते सगळं असतं, पण फिरणारे भाग सहसा नसतात. पिनबॉल आणि फुटबॉलला टेक्निकचे, म्हणजे लेगोच्या यंत्रं बनवायच्या मालिकेतले, तुकडे लागतात: अधिकच्या चिन्हासारखा छेद असलेले ॲक्सल (दांडे), भोकांच्या पट्ट्या, पिना, बुश (दांडा जागेवर धरणाऱ्या कड्या). पिना दोन प्रकारच्या असतात, हे दुकानात कोणी सांगत नाही. काळी दोन डॉटची (डॉट म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा) पिन भोकात घट्ट बसते, ती जोडण्यासाठी. तेवढीच करडी पिन मोकळी फिरते, ती फिरणाऱ्या भागासाठी. काळ्या पिनेवर फ्लिपर, म्हणजे पिनबॉलमधला गोटी उडवणारा हात, बसवला तर तो उचललेलाच राहतो.

मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत. एका डॉटपासून दुसऱ्या डॉटचं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर, पातळ प्लेट त्याच्या एक तृतीयांश. आपली काचेची साधी गोटी १६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बरोबर दोन डॉट. म्हणून दोन डॉटच्या गल्लीत ती अडकते, तीन डॉटची ठेवावी लागते. कुठे १२ मिलिमीटरचा पोलादी छर्रा मिळाला तर दोन डॉटची गल्ली पुरते, पण तो लहान असूनही जड असतो. गोटी सुमारे साडेपाच ग्रॅम, हा छर्रा सातच्या आसपास.

आता फुटबॉल. मुलांना पहिल्या नजरेत हाच हवा असतो, आणि भावंडं घरात असतील तर त्यांचं बरोबर आहे: तिघांपैकी समोरासमोर खेळायचा हा एकटाच. पण सगळी मेख दांड्यात आहे. १६ डॉटचा ॲक्सल घेतला तर हिशेब असा होतो: मैदान ८ डॉट, दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून २, हाताच्या मुठीला ३, आणि डावी-उजवीकडे सरकायला उरले ३. एवढ्यात प्रत्येक दांड्यावर दोन खेळाडू बसवले तर साडेसहा सेंटिमीटरची रुंदी व्यवस्थित झाकली जाते. याहून मोठं मैदान हवं असेल तर ॲक्सल जोडावे लागतात, आणि जोडलेला ॲक्सल मधोमध वाकतो, पिळतो. मूठ फिरवली तरी टोकाचा खेळाडू अर्ध्या क्षणाने हलतो, तोवर गोल झालेला असतो. खेळाडू म्हणून छोट्या बाहुल्या लावायचा मोह आवरा. जोरात किक मारली की पाय निखळतात. मध्ये अधिकच्या आकाराचं भोक असलेली वीट ॲक्सलवर घ्या, तिच्याखाली दोन विटा लावा, झाला खेळाडू. चेंडू हलका हवा, ब्लॉक्सच्या सेटमध्ये येणारा १४ मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा फुटबॉल उत्तम. गोटी घेतलीत तर गोलपोस्टमागची भिंत पहिल्याच डावात उडेल. भिंतीच्या विटा गवंडी रचतो तशा सांधा मोडून लावा, आणि वरून लांब प्लेटचा पट्टा ओढा.

तयार सेटही आला होता. लेगोने २०२२ मध्ये २,३३९ तुकड्यांचं फुटबॉल टेबल काढलं, त्यात २२ बाहुल्या होत्या, पण मैदानात एका वेळी पाच विरुद्ध पाचच. चाहत्याने पाठवलेली मूळ कल्पना अकरा विरुद्ध अकराची होती, ती बाजारात येईपर्यंत लहान झाली. कंपनीलाच एवढं छाटावं लागलं, तर आपण घरी आठ डॉटच्या मैदानावर समाधान मानण्यात कमीपणा नाही.

पिनबॉलबद्दल मी मोकळेपणाने पक्षपाती आहे. ज्याला गोष्टी कशा चालतात यात रस आहे, अशा मुलासाठी याच्यासारखं काही नाही. खऱ्या मशीनच्या पाटाला साधारण साडेसहा अंशांचा उतार असतो. ३२ डॉटची हिरवी बेसप्लेट (ज्यावर बांधकाम उभं करतात तो पातळ तळ) घ्या आणि मागची कड तीन विटांनी उचला. २५६ मिलिमीटरवर २८.८ मिलिमीटरची चढण, कोन जवळजवळ तितकाच येतो. दोन विटांवर गोटी रेंगाळते, पाच विटांवर डोळ्यांदेखत निसटते. वेगवेगळी उंची देऊन हे मुलालाच शोधू द्या.

फ्लिपर हा पिनबॉलचा जीव. सुरुवातीच्या मशीनमध्ये तो नव्हताच, गॉटलीब कंपनीने १९४७ मध्ये आणला, आणि नशिबाचा खेळ हाताचा झाला. घरी सात भोकांची पट्टी घ्या आणि दुसऱ्या भोकात करडी पिन टाका. एका बाजूला एक भोक, दुसऱ्या बाजूला पाच. बोटाने छोटं टोक जरासं दाबलं की लांब टोक पाचपट वेगाने उठतं. पिन तिसऱ्या भोकात सरकवली तर वेग दुपटीवर येतो, पण धक्का दमदार बसतो. माझी पसंती तिसऱ्या भोकाला, कारण गोटी जड आहे. फ्लिपर परत खाली आणायला रबरबँड. जांभळी नाक्याच्या बाजारातलं साधं पाकीटही चालतं, फक्त उन्हाळ्यात लावलेले रबर पावसाळ्यात सैल आणि चिकट होतात, ते बदलत राहावे लागतात. दोन फ्लिपरच्या टोकांमध्ये तीन डॉटची फट ठेवा. दोनची ठेवली तर गोटी अडकते, चारची ठेवली तर खेळणारा रडकुंडीला येतो.

जमिनीचा प्रश्न मात्र पिनबॉल आणि भूलभुलैया दोघांनाही सारखाच. डॉटवरून गोटी नीट धावत नाही, वेग कमी झाला की चार डॉटच्या मधल्या खळग्यात जाऊन बसते. गुळगुळीत टाइल्स पुरेशा नसतील तर जाड कार्डशीट मापात कापून अंथरा. त्यात काहीही चुकीचं नाही.

भूलभुलैया सर्वांत कमी सामानात होतो. गोटी असेल तर ३२ डॉटच्या रुंदीत तीन डॉटच्या सात गल्ल्या बसतात, छर्रा असेल तर दोन डॉटच्या दहा. खड्डे हवे असतील तर बेसप्लेट वापरू नका, तिला खालून काही जोडता येत नाही. तळ प्लेट्सचाच करा. ब्रिओ या स्वीडिश कंपनीने १९४६ मध्ये काढलेल्या लाकडी खेळासारखे दोन नॉब लावायचे तर एकात एक दोन चौकटी लागतात आणि काम वाढतं. पण नॉबशिवाय, पाट हातात धरून कलवला तरी खेळ पूर्ण होतो. लेगोचा २०१६चा ७६९ तुकड्यांचा सेट याच जातीचा होता. सहा-सात वर्षांच्या मुलाला घरचा भूलभुलैया एका दुपारी उभा करता येतो, रस्ते मोडून नवे करता येतात. मात्र खेळणारा एकच, दुसरा वाट पाहत बसतो.

जागा आणि आवाजही पाहा. भूलभुलैया कपाटावर जातो. पिनबॉल जेवणाच्या टेबलावरून एका हाताने उचलता येतो. फुटबॉलचे दांडे दोन्ही बाजूंनी बाहेर येतात, तो कायम जागा अडवतो. आणि प्लॅस्टिकवर आपटणारी गोटी दुपारी अडीच वाजता शेजारच्यांना नक्की ऐकू जाते. खाली जाड टॉवेल घाला.

खर्चाचं म्हणाल तर मोठा सेट घेण्यापेक्षा आहेत त्या विटांना थोडे टेक्निकचे तुकडे जोडणं परवडतं. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं, ते परदेशी खोक्याच्या किमतीत दिसतंच. स्वस्त जुळणाऱ्या विटा भिंतीला चालतात. पण ॲक्सल, पिना आणि भोकांच्या पट्ट्या चांगल्याच घ्या, तिथे केसभर सैलपणाही खेळ बिघडवतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघूनच खोकं उचला. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर गोट्या, छर्रे आणि छोटा चेंडू, तिन्ही खेळांत धोक्याचेच. मग ते बाळ झोपल्यावरच डबा काढा आणि उठायच्या आत गोट्या मोजून ठेवा.

डब्यात टेक्निक नसेल किंवा मूल लहान असेल तर भूलभुलैया. दोन भावंडं असतील आणि कोपऱ्यातलं टेबल कायमचं द्यायची तयारी असेल तर फुटबॉल, पण लहान मैदानाचा. एकच मूल, हातात वेळ, आणि डब्यात चार पट्ट्या व दोन करड्या पिना असतील तर पिनबॉल घ्या, आणि फ्लिपर आधी बनवा, बाकीचा पाट नंतर.