महानारायण तेल: केदारकांठ्याहून आल्यावर बधिर झालेल्या बोटांना दोन महिने लावलं

जानेवारीत उत्तराखंडमधला केदारकांठा ट्रेक केला, साधारण साडेबारा हजार फूट, समिटला रात्री अडीचला निघालो आणि माझे मोजे आतून ओले होते हे मला कळलंच नाही. खाली कॅम्पला येऊन बूट काढले तर डाव्या पायाची तीन बोटं मेणासारखी पांढरी आणि चिमटा काढला तरी काही कळत नव्हतं. मी चोळायलाच घेतली होती पण गाईड भैय्यांनी हात धरला, चुलीजवळही जाऊ दिलं नाही, कोपर बुडवून बघितलेल्या कोमट पाण्यात पाय ठेवायला लावले. मग जी आग सुटली आणि ठणका लागला तो आयुष्यात विसरणार नाही. फोड आले नाहीत हे नशीब.

पुण्यात आल्यावर डॉक्टरांनी सौम्य हिमदंश म्हणून सांगितलं, पण बोटं बधिर आणि रात्री बर्फासारखी गार, म्हणून वैद्यांकडे गेले. त्यांनी आधी पायाची नाडी बघितली, शुगर करून आणायला सांगितली, आणि त्यानंतरच तेल लिहून दिलं, मला हे फार आवडलं. गार पाय म्हणजे वात असं म्हणून लगेच बाटली हातात देणारेही भेटलेत.

आता तेलाबद्दल. तिळाच्या तेलात शतावरी, अश्वगंधा, बला, दूध असं बरंच काही घालून सिद्ध केलेलं असतं, बऱ्याच कंपन्या करतात. वास उग्र आहे आणि चादरीला डाग पडतात ते निघत नाहीत, जुने सुती मोजे घालूनच झोपा. रोज रात्री चमचाभर तेल वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवायची आणि बोटांपासून पोटरीपर्यंत हलक्या हाताने दहा मिनिटं. पहिला आठवडा फरक शून्य. नंतर कातडीचं सोलणं थांबलं, पाय ऊबदार राहायला लागले आणि झोप तर खरंच छान लागते. पाचव्या आठवड्यात करंगळीला मुंग्या यायला लागल्या, मी रडलेच, कारण काहीतरी कळत होतं! आता हे सगळं तेलाने झालं असं मी छातीठोक नाही म्हणणार, बोटं हळूहळू आपली आपणही भरून येतात, पण कोरडेपणा आणि आखडलेपणा तेलानेच गेला.

फोड असेल, कातडी फाटली असेल किंवा बोट काळं-निळं पडत असेल तर हे लावूच नका प्लीज, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि बधिर पायाला गरम पिशवीचा शेक तर नकोच, चटका बसलेला कळतही नाही. सिगारेट ओढत असाल तर ती आधी सोडा, रक्तवाहिन्या आकसतात त्याने.

पाचपैकी चार स्टार, एक डागांसाठी कापला. दुसरी बाटली आईसाठी आणलीय, तिचेही पाय कायम गार असतात, पण तिला मधुमेह आहे म्हणून वैद्यांना विचारून फक्त तेल, आणि लावताना मी रोज तिचे तळवे बघून घेते.